दुसरी टाकी : घरच्या खाऱ्या पाण्यात मासा आजारी पडतो तेव्हा

घरच्या मरीन टँकमध्ये मासे मरायला लागले की आधी पाण्याचा दोष निघतो, मग फिल्टरचा, शेवटी दुकानदाराचा. घटनाक्रम मात्र बहुतेक घरांत एकसारखाच असतो. रविवारी नवा टँग मासा येतो. पिशवी थोडा वेळ टाकीत तरंगते, मग मासा थेट मुख्य टाकीत जातो आणि मुलं काचेला नाक लावून बसतात. तीन-चार दिवसांनी तो दगडाला अंग घासू लागतो. आठवड्याभरात परांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. दोन-तीन दिवसांत ते आपोआप जातात आणि मालक निर्धास्त होतो. खरा हल्ला त्यानंतर येतो. पंधरवड्यात जुने, वर्षभर धडधाकट असलेले मासेही तळाला लागतात.

नव्या माशाला आधी वेगळ्या टाकीत ठेवावं की नाही, ठेवलं तर किती दिवस, औषध आधीच द्यावं की लक्षणं दिसल्यावर, आणि कोणतं द्यावं, यावर हौशी मंडळींत मतं टोकाची आहेत. बडोद्यासारख्या समुद्रापासून दूरच्या, उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या शहरात या प्रश्नाला आणखी काही पदर आहेत. तेही लक्षात घेऊन हा आढावा.

समुद्र नसलेल्या गावातला समुद्र

बडोद्याला समुद्र नाही, पण गायकवाडांच्या राज्याला होता. द्वारका, बेट द्वारका आणि ओखा असलेलं ओखामंडळ बडोदा संस्थानात होतं. सयाजीराव तिसरे यांच्या सरकारने तिथल्या सागरी जीवांची पाहणी जेम्स हॉर्नेल या तज्ज्ञाकडून करून घेतली. तिच्या अहवालाचा पहिला भाग १९०९ मध्ये आणि दुसरा १९१६ मध्ये निघाला. म्हणजे मरीन जीवांबद्दलचं कुतूहल या गावाला नवं नाही.

आज बडोद्याला सर्वांत जवळचं खारं पाणी खंभातच्या आखाताचं. तिथली भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे आणि पाणी कायम गाळाने गढूळ असतं. ते कॅनमध्ये भरून आणून टाकीत ओतता येत नाही. त्यामुळे इथला मरीन टँक म्हणजे आरओचं पाणी आणि पुड्यातलं मीठ. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ घालून क्षारता हजारी ३५ वर आणायची. आजवा सरोवराचं किंवा महीच्या विहिरींचं नळाचं पाणी क्लोरीन घातलेलं असतं, ते थेट चालत नाही. पाण्याचा प्रत्येक लिटर असा विकत घेऊन तयार करावा लागतो. दुसरी टाकी ठेवायला लोक नाखूश असतात ते बरंचसं या खर्चापायी.

मासेही बाहेरूनच येतात. पकडणारा, साठवणारा, घाऊक व्यापारी, मुंबईचा किंवा चेन्नईचा बाजार, मग इथलं दुकान, असे चार-पाच हात बदलून मासा घरी पोचतो. प्रत्येक टप्प्यावर तो उपाशी असतो आणि दाटीवाटीत, परक्या माशांच्या पाण्यात असतो. अनेक दुकानांत सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं, त्यामुळे एका टाकीतला रोग सगळ्यांना मिळतो. काही ठिकाणी पाण्यात तांब्याचं थोडं औषध कायम सोडलेलं असतं. त्या मात्रेत परजीवी मरत नाहीत, दबून राहतात. मासा तिथून निघून आपल्या औषधरहित टाकीत आला की ते डोकं वर काढतात. दुकानात महिनाभर ठणठणीत असलेला मासा घरी येताच आजारी पडतो, त्यामागे हे एक कारण असतं.

पिशवीतला प्रवासही तपासून घेण्यासारखा आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. माशाने टाकलेला अमोनिया साठत असतो, पण पीएच कमी असल्यामुळे तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडून तासन्‌तास थेंबथेंब पाणी घालत बसण्याची आवडती पद्धत माशाच्या मुळावर येते. दुकानदाराकडून पाण्याची क्षारता आधीच विचारून घ्यावी, वेगळ्या टाकीचं पाणी तेवढंच ठेवावं, पिशवी बंद असतानाच तापमान जुळवावं आणि उघडताच मासा हलवावा. पिशवीतलं पाणी गटारात.

रोग कोणते

मरीन माशांचे रोग डझनावारी आहेत. पण घरच्या टाकीतले बहुतेक मृत्यू चार-पाच परजीवींच्या खात्यावर जमा होतात.

पहिला पांढऱ्या ठिपक्यांचा, क्रिप्टोकॅरियन इरिटन्स. १९५१ मध्ये ब्राउन या संशोधकांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या मत्स्यालयाच्या माशांवरून त्याचं नाव ठेवलं. मखमली रोगाचा परजीवी, ॲमिलूडिनियम ओसेलाटम, याचं पहिलं वर्णनही ब्राउन यांचंच, १९३१ चं, आणि तेही त्याच मत्स्यालयातून. हा योगायोग नाही. मोकळ्या समुद्रात या परजीवींची पिल्लं अफाट पाण्यात विखुरतात, त्यांतल्या मोजक्यांनाच मासा सापडतो. काचेच्या पेटीत प्रत्येकाला सापडतो. हे रोग समुद्रातले असले तरी त्यांची साथ टाकीतली आहे.

पांढऱ्या ठिपक्याचं जीवनचक्र समजलं की पुढचे निम्मे वाद मिटतात. परजीवी माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत तीन ते सात दिवस राहून पोसतो. मग मासा सोडून वाळूवर, दगडावर किंवा काचेवर चिकटतो आणि स्वतःभोवती कोष करतो. त्या कोषात त्याचे दोनशेपर्यंत तुकडे होतात. कोष बहुधा तीन दिवसांपासून चार आठवड्यांच्या आत फुटतो, क्वचित ७२ दिवसांपर्यंत लांबल्याची नोंद आहे. बाहेर पडलेल्या पिल्लांना दिवस-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला. माशात रुतलेला परजीवी आणि कोषातला परजीवी, दोघांनाही औषध शिवत नाही. म्हणून ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं होत नाही. परजीवी माशावरून वाळूत उतरलेला असतो, एवढंच.

मखमली रोग याहून घातक. एका कोषातून २५६ पर्यंत बीजाणू निघतात आणि ते आधी कल्ल्यांवर तुटून पडतात. अंगावर बारीक पिवळट-करडा थर दिसेपर्यंत मासा बहुधा हाताबाहेर गेलेला असतो, कधी थर न दिसताच मरतो. जोरजोरात श्वास, उजेड टाळणं, पाणी फिरवणाऱ्या पॉवरहेडच्या झोतात तोंड घालून उभं राहणं ही खरी लक्षणं. पांढऱ्या ठिपक्यात दिवस मिळतात, यात तास मिळतात.

तिसरा ब्रूकलिनेला, मुख्यतः क्लाउनफिशचा. अंगावर चिकट पांढरा बुळबुळीत थर येऊन कातडी सोलल्यासारखी होते. चौथा युरोनेमा, क्रोमिस माशांच्या कुशीवर लाल जखमा करणारा. हा सडणाऱ्या पदार्थांवरही जगतो, त्यामुळे मासे काढून टाकी रिकामी ठेवली तरी जात नाही. पाचवे चपटे कृमी, फ्लूक. डोळे धुरकट होणं आणि अंग घासणं ही त्यांची खूण. फ्लॉवरसारख्या गाठी आणणारा लिम्फोसिस्टिस हा विषाणू दिसायला भयंकर, पण चांगलं पाणी आणि चांगलं खाणं मिळालं तर बहुधा आपोआप बरा होतो. त्याला औषध नाही आणि लागतही नाही.

तीन मतं

नव्या माशाचं काय करायचं यावर ढोबळमानाने तीन पक्ष आहेत.

पहिला म्हणतो, सोडा आणि सांभाळा. परजीवी सगळीकडे असतातच. उत्तम खाणं, स्थिर पाणी, मोठी टाकी आणि जोडीला यूव्ही दिवा असेल तर मासा झुंज देतो. यात तथ्य आहे. पांढऱ्या ठिपक्यातून वाचलेल्या माशांत काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती येते, आणि यूव्हीतून जाणारी पिल्लं मरतात. पण यूव्हीतून सगळं पाणी एका वेळी जात नाही, आणि प्रतिकारशक्ती आलेला मासा स्वतः निरोगी दिसत परजीवी बाळगतो. पुढचा नवा मासा आला, पाणी थंड करणारा चिलर बंद पडला किंवा दोन माशांत मारामारी झाली की रोग पुन्हा उसळतो. मखमली रोगापुढे तर या पक्षाकडे उत्तरच नाही.

दुसरा म्हणतो, थांबा आणि बघा. किमान तीस दिवस वेगळ्या टाकीत ठेवा, खायला शिकवा, लक्षण दिसलं तर औषध द्या. औषधाचा ताण टळतो, ही त्याची जमेची बाजू. उणी बाजू अशी की कल्ल्यांत थोडे परजीवी असलेला मासा तीस दिवसांत काहीच दाखवणार नाही, असंही होतं.

तिसरा म्हणतो, आधी औषध, मग टाकी. येणाऱ्या प्रत्येक माशाला तांबं आणि कृमिनाशक. टाकी स्वच्छ राहण्याची शक्यता यात सर्वांत जास्त. पण काही माशांना तांबं सोसत नाही आणि प्रवासाने गळालेल्या माशाला पहिल्याच दिवशी औषध दिलं तर रोगापेक्षा इलाज जड होतो.

वेगळी टाकी कशी असावी

वेगळ्या टाकीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ती मुख्य टाकीची छोटी प्रत असावी. ती उघडीबोडकीच असली पाहिजे. दोन फूट लांब, फूटभर रुंद, सव्वा फूट उंच, भरल्यावर साधारण साठ लिटरची टाकी दोन क्लाउनफिशना किंवा एका छोट्या टँगला पुरते. तळाशी वाळू नाही, दगड नाही, कारण दोन्ही तांबं शोषून घेतात आणि कोषांना जागा देतात. लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो, एक हीटर, एक एअर पंप, एक स्पंज फिल्टर आणि वर झाकण. जाळी, बादली, नळी या टाकीची वेगळी. ओला हातही मुख्य टाकीत जाऊ द्यायचा नाही.

खरी अडचण अमोनियाची. नव्या टाकीत तो पचवणारे जिवाणू नसतात. त्यावर साधा उपाय आहे. जास्तीचा एक स्पंज मुख्य टाकीच्या सम्पमध्ये, म्हणजे तिच्या खालच्या फिल्टरच्या टाकीत, कायम ठेवायचा आणि मासा आणायच्या दिवशी तो काढून इकडे लावायचा. औषधाच्या पाण्यात राहिलेला स्पंज मात्र परत सम्पमध्ये टाकायचा नाही. रोज अमोनिया तपासायचा, चढला तर तितक्याच क्षारतेचं पाणी बदलायचं. ऐन संकटात अमोनिया बांधून ठेवणारी रसायनं ओतण्याचा मोह होतो, पण त्यांतली काही तांब्याच्या औषधाबरोबर घातक ठरतात. बाटलीवरची सूचना वाचल्याशिवाय दोन्ही एकत्र करू नयेत.

इलाजांचा ताळेबंद

औषधाविना सर्वांत भरवशाचा इलाज म्हणजे टाकी बदलणं. इस्रायलच्या एलात इथे काम करणाऱ्या कोलोर्नी यांनी १९८७ मध्ये तो मांडला. परजीवी मासा सोडून तळाला जातो आणि तीन दिवसांच्या आत नवी पिल्लं बाहेर पडत नाहीत. म्हणून दर तीन दिवसांनी मासा पूर्ण कोरड्या केलेल्या नव्या टाकीत हलवायचा, असं चार वेळा. बारा दिवसांत मासा पांढऱ्या ठिपक्यातून मोकळा होतो. दोन साध्या टाक्या आणि पुरेसं मीठ एवढंच भांडवल लागतं, अमोनियाही साठत नाही. पण हा उपाय मखमली रोगाला, ब्रूकलिनेलाला किंवा फ्लूकना पुरत नाही.

तांबं हे जुनं आणि आजही मुख्य औषध. त्याचं साधं रूप म्हणजे द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात वापरतात ते मोरचूद, म्हणजेच कॉपर सल्फेट. पाण्यात तांब्याचं प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम ठेवावं लागतं. कमी झालं तर परजीवी जगतात, थोडं जास्त झालं तर मासा मरतो. साठ लिटरच्या टाकीत ०.२ साठी लागतं १२ मिलिग्रॅम तांबं, म्हणजे सुमारे ४७ मिलिग्रॅम शुद्ध मोरचूद. एक चिमूट याच्या कित्येक पट भरते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे मोजता येत नाही, आणि शेतीच्या दुकानातलं मोरचूद शुद्धही नसतं. त्यामुळे अंदाजाने पूड टाकणाऱ्याने हात आवरावा. बाटलीत मिळणारं बांधलेलं तांबं वापरायला सोपं, पण त्याची मात्रा साधारण दीड ते अडीच मिलिग्रॅम, म्हणजे दसपटीच्या आसपास, आणि त्याला चालेल असंच टेस्ट किट लागतं. एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावलं की एक तर औषध निकामी किंवा मासा गेला. कोणतंही घ्या, मात्रा दोन दिवसांत हळूहळू चढवायची, रोज तपासायची आणि तीन-चार आठवडे तिथेच ठेवायची. आणि मुख्य टाकीत तांबं कधीही नाही. प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी त्यात जगत नाहीत, आणि दगडात मुरलेलं तांबं पुढे कितीतरी दिवस पाझरत राहतं.

क्लोरोक्विन फॉस्फेट हे आपल्याकडचं जुनं मलेरियाचं औषध. लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास ते पांढरे ठिपके आणि मखमली, दोन्हींवर चालतं आणि टँगसारखे मासे ते तांब्यापेक्षा बरं सोसतात. पण पाण्यात ते किती उरलं हे मोजायचं किट घरी मिळत नाही. गोळ्यांत औषधाबरोबर इतर भरही असते. शुद्ध पूड आणि जाणत्याचा सल्ला असेल तरच त्याच्या वाटेला जावं.

क्षारता हजारी पंधरा-सोळावर उतरवणं हा आणखी एक मार्ग. पांढऱ्या ठिपक्याचे कोष त्यात टिकत नाहीत. मखमलीला मात्र काही होत नाही, आणि कमी क्षारता सोसणारे ठिपक्याचे वाणही सापडले आहेत. क्षारता मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर चुकीचा असेल तर सगळीच मेहनत वाया.

फ्लूकसाठी प्राझिक्वांटेल, एक मात्रा आणि आठवड्याभराने दुसरी. खात्री करायची असेल तर तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात माशाला पाच मिनिटं बुडवावं. कृमी असतील तर ते दुधी पांढरे होऊन भांड्याच्या तळाशी पडलेले डोळ्यांनी दिसतात. ब्रूकलिनेलाला फॉर्मेलिनचं अल्पकाळचं स्नान लागतं. पण फॉर्मेलिन पाण्यातला प्राणवायू खातं आणि माणसाला कर्करोगकारक आहे. बंद खोलीत, मुलांच्या आसपास ते नकोच. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ती वापरूच नये.

लसूण, आलं, सफाई करणारी कोळंबी आणि दुकानात मिळणारी ‘प्रवाळाला सुरक्षित’ औषधं यांची ख्याती मोठी आहे, पुरावा तोकडा. लसणाने उपाशी मासा खायला लागत असेल तर लागू दे. परजीवी त्याने मरत नाही. ठिपके चक्रानुसार आपोआप जातात आणि श्रेय त्या आठवड्यात वापरलेल्या बाटलीला मिळतं.

रोग मुख्य टाकीत शिरलाच तर सगळेच्या सगळे मासे बाहेर काढून औषधाला लावायचे आणि टाकी माशांविना ठेवायची. एकही मासा मागे राहिला तर मेहनत फुकट. जुना हिशेब ७६ दिवसांचा, ७२ दिवसांच्या नोंदीवर आधारलेला. टाकी २७ अंशांच्या वर उबदार ठेवली तर सहा-साडेसहा आठवडे पुरतात, असं अलीकडे बरेच अनुभवी लोक मानतात. प्रवाळ आणि कोळंबी त्या काळात आत राहू शकतात.

बडोद्याचा हिशेब

मे महिन्यात बडोद्याचा पारा चाळिशी ओलांडतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, परजीवीचं चक्र वेगाने फिरतं आणि कल्ले खराब झालेला मासा आधीच धापा टाकत असतो. मुख्य टाकीला चिलर असतो, वेगळ्या टाकीला बहुधा नसतो. ती घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवणं आणि एप्रिल ते जून नवा मासाच न आणणं, हा सगळ्यांत स्वस्त इलाज.

दुसरा धोका पावसाळ्याचा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने शहराचा मोठा भाग पाण्यात गेला आणि अनेक वस्त्यांत वीज दीर्घकाळ नव्हती. औषधाच्या टाकीला दगडांचा, जुन्या जिवाणूंचा आधार नसतो. हवा बंद पडली की तिच्यातले मासे काही तासांत संपतात. बॅटरीवरचा एअर पंप ही इथे गरज आहे, चैन नव्हे.

तिसरी अडचण डॉक्टरांची. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली झाले, पण कल्ल्याचा खरवड सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा हात सहज मिळत नाही. गुजरातचं मत्स्यविज्ञान महाविद्यालय वेरावळला, केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था मुंबईच्या वर्सोव्याला, आणि दोन्हींचा भर साहजिकच खाण्याच्या माशांवर. देशात जलचरांच्या रोगांवर पाळत ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून आहे आणि २०२३ मध्ये रोग कळवण्यासाठी मोबाइल ॲपही आलं, पण ते मत्स्यशेती करणाऱ्यांसाठी. परदेशातून येणाऱ्या व्हन्नामेई कोळंबीच्या प्रजनक साठ्यासाठी चेन्नईजवळ नीलांकराईला सरकारी विलगीकरण केंद्र आहे. देश कोळंबीला थेट तळ्यात सोडत नाही, कारण एका साथीची किंमत त्याला माहीत आहे. घरच्या टाकीसाठी ते केंद्र आपल्यालाच चालवावं लागतं. एक साधा सूक्ष्मदर्शक घेतला आणि परजीवी ओळखायला शिकलं, तर निम्मा अंदाज संपतो.

कायद्याची बाजूही विसरू नये. कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि जामनगरजवळचं कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान याच प्रवाळांसाठी राखलेलं आहे. तिथून काही उचलून आणणं हा गुन्हा आहे. उलट क्लाउनफिशची आता आपल्याकडेच पैदास होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं तंत्र विकसित केलं आहे. पैदास केंद्रातला मासा जाळ्यात सापडलेल्या माशाच्या मानाने कमी परजीवी घेऊन येतो आणि पहिल्या दिवसापासून खातो. नवशिक्याने सुरुवात त्यानेच करावी.

निष्कर्ष

तिन्ही पक्ष तोलून बघितले तर बडोद्यापुरतं माझं मत असं. प्रत्येक नवा मासा वेगळ्या टाकीत, किमान तीस दिवस. पहिले दोन-तीन दिवस विश्रांती आणि खाणं, मग बारा दिवस टाकी-बदल, सोबत फ्लूकसाठी प्राझिक्वांटेल, उरलेले दिवस निरीक्षण. तांबं हाताशी ठेवावं, किटसकट, पण उघडावं ते मखमलीची शंका आल्यावर. तेव्हा मात्र उद्यावर ढकलू नये. सरसकट सगळ्यांना तांबं देण्याइतकी रोजची मोजणी ज्याला जमते त्याने ते खुशाल करावं. बहुतेक घरांत ती जमत नाही. आणि ‘सोडा आणि सांभाळा’ हे इथल्या उन्हाळ्यात आणि चार हात फिरून आलेल्या माशांबाबत धोरण म्हणता येणार नाही, तो जुगार आहे.

दुसऱ्या टाकीचा खर्च मुख्य टाकीच्या दिव्यापेक्षाही कमी येतो. मरीन टँकचा विचार करणाऱ्याने यादीत तिचं नाव सर्वांत वर लिहावं. तिला जागा किंवा वेळ नसेल, तर पहिली टाकीही घेऊ नये.